चालीवर शिक्का बसत नाही: लिस्बनमधली दोन संग्रहालयं आणि फादोची एक रात्र

लिस्बनच्या आल्फामा भागात, नदीकडच्या सखल चौकात, फादो या पोर्तुगीज गानप्रकाराचं संग्रहालय आहे. तिथून दहा-बारा मिनिटं चढ चढलं की कॅथेड्रलच्या शेजारी आल्जुबे लागतो. हा पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीतला राजकीय तुरुंग, २०१५ पासून तोही संग्रहालय झाला आहे. सहलीचा ठराविक क्रम असा: सकाळी ट्राममधून आल्जुबेच्या दारावरून पुढे जायचं, दुपारी फादो संग्रहालय, रात्री फादोच्या घरात, म्हणजे जिथे फादो गातात त्या खानावळीत, जेवण. या क्रमाने गेलं तर हाती येतं ते एक उदास, सुरेल, मेणबत्तीच्या उजेडातलं गाणं. ते गाणं ४८ वर्षं पोलिसांच्या पहाऱ्यात कसं जगलं, हे मात्र निसटतं.

म्हणून निकाल आधीच सांगून टाकतो. फादो संग्रहालय ऐकण्याच्या बाबतीत उत्तम आहे, पण हुकूमशाहीच्या बाबतीत घाईत आहे. आल्जुबे हुकूमशाहीच्या बाबतीत अचूक आहे, पण संगीत हा त्याचा मुख्य विषय नाही. दोन्ही एकाच दिवशी, आधी आल्जुबे आणि मग फादो अशा क्रमाने पाहिली, तर एकाने सोडलेली जागा दुसरं भरून काढतं. याला एक अगदी व्यवहारी कारणही आहे: आल्जुबेकडून फादो संग्रहालयाकडे उतार आहे. उलटं गेलात तर आल्फामाच्या पायऱ्या चढताना दम लागतो आणि तुरुंग पाहायचं त्राण उरत नाही.

दोन्ही ठिकाणं मंगळवार ते रविवार, सकाळी १० ते संध्याकाळी ६ उघडी असतात, सोमवारी बंद. १ जानेवारी, १ मे आणि २५ डिसेंबर हेही बंदचे दिवस. तिकीट फादो संग्रहालयाचं साधारण ५ युरो, आल्जुबेचं साधारण ३. निघण्याआधी दर एकदा पाहून घ्यावेत. बंद व्हायच्या अर्धा-पाऊण तास आधी पोहोचून उपयोग नाही. आल्जुबेला दीड ते दोन तास द्या, फादोला दीड. मधे जेवण धरलं तर साडेदहाला सुरुवात केलेली बरी. ट्राम २८ आल्जुबेच्या अगदी समोरून जाते, पण हंगामात तिच्यात उभं राहायलाही जागा नसते आणि खिसेकापूंसाठी ती प्रसिद्ध आहे. सखल बाजारपेठेतून चालत दहा मिनिटांत पोहोचता येतं. रस्ते गुळगुळीत झालेल्या दगडांचे आहेत, पाऊस पडला की घसरतात. चामडी तळव्यांचे बूट नकोत.

आल्जुबे

ही इमारत शतकानुशतकं तुरुंगच होती: आधी चर्चचा, मग बायकांचा, आणि १९२८ पासून १९६५ पर्यंत राजकीय कैद्यांचा. तळघरात पुरातत्त्वाचे अवशेष, तळमजल्यावर बदलती प्रदर्शनं, वर तीन मजल्यांवर कायमचं प्रदर्शन आणि सगळ्यात वर छोटा कॅफे. कॅफेतून नदी दिसते. कॅफेत शेवटीच जा. आधी गेलात तर खाली परतायचा उत्साह राहत नाही.

पहिल्या मजल्यावर राजवटीचा आराखडा आहे. २८ मे १९२६ चं लष्करी बंड, १९३२ मध्ये सालाझार पंतप्रधान, १९३३ ची राज्यघटना आणि तिच्यातून उभं राहिलेलं ‘नवं राज्य’, १९६८ मध्ये सालाझारनंतर आलेला काएतानो, आणि राजवट संपवणारी २५ एप्रिल १९७४ ची क्रांती. इथे दोन गोष्टींपाशी थांबावं. पहिली म्हणजे भूमिगत छपाई. लपवायला सोपं जावं म्हणून पातळ कागद आणि बारीक टाईप. दुसरी म्हणजे सेन्सॉर. तो निळ्या पेन्सिलीने मजकूर कापायचा आणि जे सुटलं ते वर्तमानपत्र ‘सेन्सॉरने पाहिलेले’ असं छापून बाहेर पडायचं. ही निळी पेन्सिल लक्षात ठेवा. दुपारी फादोच्या संग्रहालयात तिचीच गरज पडणार आहे.

दुसरा मजला राजकीय पोलिसांचा, म्हणजे पीडेचा. इथे एकांतवासाच्या कोठड्यांची रचना दाखवली आहे: साधारण एक मीटर रुंद, दोन मीटर लांब, भिंतीला दुमडणारी फळी, आणि उजेड जवळजवळ नाही. चौकशीच्या दोन पद्धती इथे नीट समजतात. एक, कैद्याला दिवसेंदिवस झोपू न देणं. दुसरी, ‘पुतळा’, म्हणजे तासन् तास एकाच जागी न हलता उभं करणं. दोन्हींत अंगावर जखम राहत नाही, म्हणून त्या राजवटीला सोयीच्या होत्या. कैदी एकमेकांशी बोलायचे ते भिंतीवर ठोके मारून, अक्षरामागे ठरावीक ठोके या हिशोबाने. तालाचा इतका काटेकोर, इतका कोरडा उपयोग दुसरीकडे क्वचितच ऐकायला मिळेल, आणि हा भाग संग्रहालयाने अधिक मोठ्या आवाजात मांडायला हवा होता.

तिसऱ्या मजल्यावर वसाहती आणि त्यांची युद्धं. मराठी वाचकाने इथे घाई करू नये. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत गोवाही याच राजवटीखाली होता, आणि गोव्याचे कैदी थेट पोर्तुगालच्या तुरुंगांत आणले गेले. त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हा यांना १९४६ नंतर पेनिशच्या किल्ल्यात ठेवलं होतं. सांगलीचे मोहन रानडे १९५५ मध्ये पकडले गेले आणि पुढे लिस्बनजवळच्या काशियशच्या किल्ल्यात होते. गोवा मुक्त झाल्यावरही त्यांची सुटका झाली नाही. त्यासाठी सुधीर फडके यांनी महाराष्ट्रात मोहीम चालवली आणि जानेवारी १९६९ मध्ये रानडे सुटले. एका गायक-संगीतकाराने ज्या तुरुंगाविरुद्ध इतकी वर्षं धडपड केली, तो काशियश इथल्या नकाशावर पाहताना सालाझार हा परक्या देशाचा इतिहास उरत नाही.

आल्जुबेचा दोष एकच. वाचायचं फार, ऐकायचं कमी. पाटीमागून पाटी वाचत जाताना दुसऱ्या मजल्यावर थकवा येतो. पहिल्या मजल्यावरचं सगळं वाचायचा हट्ट धरू नका. सेन्सॉर आणि भूमिगत छपाई पाहा आणि वर चला.

फादो संग्रहालय: आधी ती तीन कुलपं

उतरून चौकात आलं की गुलाबी रंगाची जुनी इमारत दिसते. १९व्या शतकात हे पाणी उपसण्याचं केंद्र होतं. संग्रहालय १९९८ मध्ये सुरू झालं. आत शिरताच भिंतभर गायक-वादकांचे फोटो आहेत. मालोआचं १९१० चं गाजलेलं तैलचित्र इथे पाहायला मिळतं: गिटार घेऊन बसलेला गायक, समोर मान वर करून ऐकणारी बाई, टेबलावर बाटली. सुतारकाम करणारा आणि त्यावरूनच ‘मार्सेनेइरो’ या नावाने ओळखला जाणारा आल्फ्रेदो, याने स्वतःच्या गाजलेल्या फादोतल्या घराची लाकडी प्रतिकृती हाताने बनवली होती, तीही इथेच आहे. लोक फोटो काढून पुढे जातात. दोन मिनिटं थांबून खिडक्यांच्या झडपा पाहाव्यात, काम फार बारीक आहे.

ऑडिओ गाइड घ्याच. त्याच्याशिवाय हे संग्रहालय म्हणजे फोटोंची रांग आहे. त्याच्यासह ते अडीचशे पावलांत दीडशे वर्षांचं ऐकणं होतं. गाणी अर्धवट सोडून पुढे जाण्यापेक्षा दहाच गाणी पूर्ण ऐका.

कायद्याचा भाग मात्र इथे पाच-सात पाट्यांमध्ये उरकला आहे, आणि तोच खरा कणा आहे. ६ मे १९२७ चा हुकूम, क्रमांक १३५६४. लष्करी बंडाला अजून वर्षही झालं नव्हतं. त्या हुकमाने सार्वजनिक करमणुकीला तीन कुलपं लावली. जिथे गायचं त्या जागेला परवाना हवा. पैसे घेऊन गाणाऱ्याकडे व्यावसायिक ओळखपत्र हवं. आणि गायचे ते सगळे शब्द आधी तपासून, शिक्का मारून घेतलेले हवेत. नाटकाची संहिता परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवण्याची पद्धत ज्यांना ठाऊक आहे त्यांना ही यंत्रणा लगेच कळेल.

याचे परिणाम एकेक करून मोजता येतात. आधीच्या दशकांत फादो खानावळीत, गल्लीत, कामगारांच्या सभेत गायला जायचा. समाजवादी आणि अराज्यवादी विचारांचा कामगार-फादो हा एक मोठा प्रवाह होता. तो पहिल्या काही वर्षांत आटला, कारण तसे शब्द शिक्क्यातून सुटणं अशक्य होतं. उत्स्फूर्त रचना मागे पडली, कारण ऐनवेळी सुचलेल्या ओळीवर शिक्का कुठून आणणार? दोन गायकांनी एकमेकांना ओळींनी उत्तरं देत गायची सवाल-जवाबासारखी पद्धत होती, तिचीही तीच गत. गाणं परवाना असलेल्या मोजक्या घरांत एकवटलं. आज आपण ‘पारंपरिक’ म्हणून जे फादोचं घर पाहतो, म्हणजे ठरलेले गायक, ठरलेले वादक, जेवण, शाल, मंद दिवे, त्याचा बराचसा साचा याच परवान्यांच्या काळात घडला. हे वाक्य संग्रहालयाच्या भिंतीवर ठळक अक्षरांत असायला हवं होतं.

मग निसटलं काय? चाल. सेन्सॉर कागदावरचे शब्द तपासायचा, आणि पारंपरिक फादोत शब्द आणि चाल एकमेकांना बांधलेले नसतात. जात्यावरच्या ओवीसारखंच, चाल सगळ्यांची आणि शब्द ज्याचे त्याचे. यातल्या तीन चाली मूळच्या आणि निनावी मानल्या जातात. त्या ओळखता आल्या की दुपारपासून रात्रीपर्यंत सगळं ऐकणं बदलतं.

फादो मेनोर ही मायनरमधली, म्हणजे उदास छटेच्या स्वरांतली, संथ चाल. फादो कोहीदो मेजरमध्ये, म्हणजे उजळ छटेच्या स्वरांत, धावती. फादो मोराहीया हीसुद्धा मेजरमध्येच, पण तिच्यात गिटारची एक ठरावीक नक्षी सतत फिरत राहते, तिच्यावरून ती लगेच सापडते. तिन्हींना दोनच स्वरमेळ (कॉर्ड) पुरतात, एक घरचा आणि एक पाचव्या स्वरावरचा. शब्दांचं मोजमापही साधं: चार ओळींचं कडवं, ओळीत सात अवयव (सिलॅबल), मोजणी शेवटच्या आघातापर्यंत. या मापात बसणारं कुठलंही कडवं तिन्हींपैकी कुठल्याही चालीवर चढतं. प्रेमाच्या निरोपाचे निरुपद्रवी शब्द शिक्का मारून आले आणि गायकाने ते मेनोरमध्ये गायले, एखादं अक्षर नको तितकं लांबवलं, एका शब्दाआधी गिटारला थांबवलं, तर ऐकणाऱ्याला काय समजायचं ते समजायचं. त्या थांबण्यावर शिक्का कसा मारणार?

इथे बहुतेकांचं ऐकणं चुकतं. मोबाईलवर भाषांतर उघडून ते शब्दांच्या मागे लागतात, शब्द निघतात होडी, समुद्र, खिडकी, आई. आणि मग ‘इतकंच?’ असं वाटतं. शब्द एकदा वाचा, बाजूला ठेवा आणि ऐका ते गायक तालाच्या मागे कुठे राहतो आणि पुढे कुठे जातो. वादक तालात असतात, गायक नसतो. तो असावा अशी अपेक्षाही नसते.

वाद्यांचं दालन छोटं आहे, पण नीट लावलेलं आहे. पोर्तुगीज गिटारला १२ पोलादी तारा, सहा जोड्यांत. वरच्या तीन जोड्या एकाच स्वरात लावतात, खालच्या तिन्हींत एक तार सप्तकाने वर असते. म्हणून खालचा स्वरही चमकतो. लिस्बनची जुळवणी खालून वर डी, ए, बी, ई, ए, बी. कोइंब्रा शहराची तिच्याहून एक पूर्ण स्वर खाली. तारा पिळण्यासाठी साध्या खुंट्या नाहीत, तर पंख्याच्या आकाराची पितळी रचना आणि तिच्यात १२ स्क्रू. लिस्बनच्या गिटारचं डोकं गोगलगाईसारखं गुंडाळलेलं, कोइंब्राचं अश्रूच्या थेंबासारखं. एवढ्यावरून काचेआडची प्रत्येक गिटार कुठली ते ओळखता येतं. वाजवायची अंगठा आणि तर्जनीने, दोन्हींवर नकली नखं चढवून. सोबत सहा तारांची साधी गिटार असते, तिला तिथे व्हायोला म्हणतात. ताल तीच धरते.

याच वाद्याचा सर्वांत मोठा वादक कार्लोस पारेदेश १९५८ मध्ये पीडेच्या हाती लागला आणि सुमारे दीड वर्ष कैदेत होता. रुग्णालयातली कारकुनाची नोकरीही गेली. सकाळी आल्जुबेच्या कोठड्या पाहिल्या असतील तर या दालनात त्याची गिटार वेगळी ऐकू येते. क्रमाचा हट्ट धरला तो याचसाठी.

जे घाईत उरकलं आहे

राजवटीला फादो आवडायचा की नाही? संग्रहालय या प्रश्नावर जरा सावध आहे. खरं उत्तर दोन टप्प्यांत आहे. १९३० च्या दशकात राजवटीच्या सांस्कृतिक मंडळींना हे गाणं रडवं आणि नामर्द वाटायचं. १९३६ मध्ये तर सरकारी रेडिओवर फादोला पराभूतांचं गाणं ठरवणारी व्याख्यानमाला झाली. त्यांना हवी होती हसतमुख, नाचणारी, गावाकडची पोर्तुगाल. पुढे फादो गायिका अमालिया रॉड्रिग्जचं नाव जगभर झालं, पर्यटक येऊ लागले, तेव्हा तीच राजवट फादो मिरवू लागली. फादो, फुटबॉल आणि फातिमा या तीर्थक्षेत्राची मेरीमाता, या तीन ‘फ’ वर देशाला झोपवून ठेवलं अशी टीका रूढ झाली ती यातून.

पण याच अमालियाच्या १९६२ च्या ध्वनिमुद्रिकेत एक फादो आहे, जो लोक सर्रास पेनिशच्या नावाने ओळखतात. विचारांसाठी दूर नेलेला माणूस आणि त्याच्या कानी येणारा वारा आणि समुद्र. तुरुंगाचं नाव शब्दांत नाही. तरी सगळ्यांना कळलं आणि गाणं बंदीत सापडलं. त्याचा संगीतकार आलँ ऊलमां याला १९६६ मध्ये पीडेने पकडलं आणि देशाबाहेर काढलं. मिरवलेला फादो आणि दडपलेला फादो एकाच गळ्यातून येत होता. हा गुंता सोपा करून सांगता येत नाही, आणि संग्रहालयाने तो प्रयत्न केलेलाच नाही. चरित्रांच्या पाट्या लावून ते मोकळं झालं आहे.

१९७४ नंतरची गंमत तर जवळजवळ गाळलीच आहे. क्रांतीनंतर फादोवरच संशय आला. जुन्या राजवटीचं गाणं म्हणून रेडिओ-टीव्हीवर तो कमी झाला, ‘फादोची महारात्र’ ही मोठी स्पर्धा दोन वर्षं झाली नाही. ज्याच्यावर सेन्सॉरने शिक्के मारले त्यालाच सेन्सॉरचा साथीदार ठरवलं गेलं. २०११ मध्ये युनेस्कोच्या यादीत नाव आलं तोवर हे सगळं विसरायला सोयीचं झालं होतं.

आणि नाच? १९व्या शतकात फादो नाचलाही जायचा, पण इथे त्याचा ठावठिकाणा फारसा लागत नाही. राजवटीने नाचाचा खरा कारखाना काढला तो खेड्यांत. १९३८ मध्ये ‘सर्वांत पोर्तुगीज गाव’ शोधायची स्पर्धा झाली, मोंसांतो गावाने चांदीचा कोंबडा जिंकला. १९३५ मध्ये कामगारांच्या ‘आनंदा’साठी फ्नात ही सरकारी संस्था निघाली, नमुना जर्मनीतल्या नाझी संस्थेचा. लोकनृत्याच्या मंडळांना अशाच यंत्रणांचा आधार होता: ठरावीक पोशाख, ठरावीक क्रम, ठरावीक हसू. आजही लिस्बनमध्ये जेवणासोबत फादो आणि लोकनृत्य असा एकत्र कार्यक्रम विकला जातो. त्यात सहा-आठ जोड्या वीरा आणि कोरिदीन्यो नाचतात. वीरा सहा-आठच्या मात्रेत, डोक्यावर हात, चुटक्या, जोडी गिरकी घेऊन जागा बदलते. कोरिदीन्यो दक्षिणेचा, अकॉर्डियनवर, फार जलद. नाच वाईट नसतो, पण वीस मिनिटांत सगळे प्रांत उरकणारा हा साचा कुठून आला ते ठाऊक असावं. पैसे त्यासाठी घालवू नयेत. शेतातली, खाणीतली, जात्यावरची गाणी जशीच्या तशी ऐकायची असतील तर मिशेल जाकोमेत्ती या कॉर्सिकन संशोधकाचा संग्रह मोलाचा. संगीतकार फेर्नांदो लोपेश-ग्रासा याच्या साथीने त्याने गावोगाव ध्वनिमुद्रण केलं. त्याने जमवलेली वाद्यं मोंत एश्तोरिलच्या पोर्तुगीज संगीत संग्रहालयात आहेत, लिस्बनहून लोकल ट्रेनने जाता येतं.

आणखी एक गैरसमज इथेच मिटवावा. २५ एप्रिल १९७४ ला मध्यरात्रीनंतर, १२ वाजून २० मिनिटांनी, रेडिओवरून ज्या गाण्याने सैनिकांना बाहेर पडायचा इशारा मिळाला, ते जोझे आफोंसोचं ग्रांदोला गावावरचं गाणं फादो नव्हे. त्याची घडण आलेंतेजू प्रांतातल्या कांत या समूहगानाची आहे: वाद्य नाही, एकजण सुरुवात करतो, दुसरा वरच्या स्वरात ती उचलतो, मग सगळे पुरुष खांद्याला खांदा लावून संथ पावलांवर गातात. ध्वनिमुद्रणात खडीवरची पावलं ऐकू येतात ती त्याचीच. फादो संग्रहालयात ते शोधत बसू नका.

रात्र: घर कसं निवडायचं

फादोच्या घरांचे दोन प्रकार. एक, जेवणासह: माणशी साधारण ४० ते ६० युरो, आरक्षण आवश्यक, गाणं साडेआठ-नऊला सुरू होऊन मध्यरात्रीपर्यंत. दुसरा, हौशी गायकांचा फादो वादियो: छोटी खानावळ, एखादं पेय घेऊन बसता येतं, गायक शेजारच्या टेबलावरूनही उठतो. दर्जा वरखाली होतो, पण कुलपांच्या आधीचा फादो कसा असेल त्याचा अंदाज इथेच येतो. एकच रात्र असेल तर आमची शिफारस दुसऱ्याची.

घर चांगलं की नाही हे दारातच कळतं. मायक्रोफोन असेल तर पुढचं दार पाहा. तीस-चाळीस माणसांच्या खोलीत त्याची गरज नसते आणि तो आला की गायकाचं हळू बोलणं संपतं. दुसरी खूण वाढप्यांची. गाणं सुरू होताच दिवे मंदावतात, शांत राहायला सांगितलं जातं आणि वाढणं थांबतं. ज्या घरात गाण्यादरम्यान ताटं फिरतात ते घर गाण्याला सजावट समजतं. एका बैठकीत तीन-चार फादो, वीसेक मिनिटं, मग जेवणासाठी विश्रांती, मग दुसरा गायक. बैठक चालू असताना आत येऊ नये, उठू नये, बोलू नये, फ्लॅश तर नाहीच. कोइंब्राला गेलात तर तिथे टाळ्यांऐवजी घसा खाकरून दाद देण्याची रीत आहे. लिस्बनमध्ये खोकलात तर लोक वळून पाहतील.

बिलात चूक होते ती सुरुवातीला ठेवलेल्या पाव, ऑलिव्ह आणि चीजमुळे. ते फुकट नसतं, पण हात लावला नाही तर पैसेही द्यावे लागत नाहीत. नको असेल तर लगेच परत न्यायला सांगा. शाकाहारींसाठी पर्याय मोजके. बटाटा आणि हिरव्या पानांचं काल्दो व्हेर्द सूप सगळीकडे मिळतं, पण त्यात डुकराच्या सॉसेजची चकती टाकतात. मागवतानाच ‘सें शोरिसू’ म्हणायचं, नंतर काढून टाकता येत नाही. आरक्षणाच्या वेळी शाकाहारी असल्याचं कळवलं तर निदान आम्लेट आणि भात तरी मिळतो.

पेनिश जोडायचं असेल तर दुसरा पूर्ण दिवस हवा. किल्ल्यातलं प्रतिकार आणि स्वातंत्र्याचं राष्ट्रीय संग्रहालय २७ एप्रिल २०२४ ला, म्हणजे कैद्यांच्या सुटकेला बरोबर ५० वर्षं झाली त्या दिवशी, उघडलं. लिस्बनच्या कांपो ग्रांदेहून बस, साधारण दीड तास. परतीच्या बसची वेळ उतरल्या उतरल्या पाहून ठेवा. किल्ला समुद्रात घुसलेल्या कड्यावर आहे, उन्हाळ्यातही वारा झोंबतो, जाकीट न्या. आवारातल्या स्मारकावर अडीच हजारांच्या आसपास कैद्यांची नावं कोरली आहेत. आणि १९६२ चा तो फादो इथे येण्याआधी एकदा ऐकलेला असावा. इथे येऊन तो मोबाईलवर वाजवू नका, वाऱ्यात एक ओळ धड ऐकू येत नाही.